फॉस्फेट, किडनीची पेशी आणि संप्रेरकं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरला एका मेडिकल कॉलेजात फिजिऑलॉजी शिकवते. माझी थोरली बहीण, आमची ताई, गेली चार वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाते. तिच्याबरोबर गेले की बाहेरच्या बाकावर एकच प्रश्न फिरत असतो : "फॉस्फरस किती आला?" वर्गात मुलं विचारतात : "पीटीएचमुळे ट्रान्सपोर्टर आत का ओढला जातो?" पीटीएच हे पॅराथायरॉइड ग्रंथींचं संप्रेरक (हार्मोन) आणि ट्रान्सपोर्टर म्हणजे किडनीच्या पेशीतलं फॉस्फेटचं वाहक प्रथिन. प्रश्न दोन असले तरी गोष्ट एकच आहे. रामबागेतून, सुदामानगरातून ओळखीच्यांचे फोन येतात तेव्हा मी तेच तेच सांगत असते, म्हणून एकदा सगळं मराठीत बसून लिहून काढलं. हे वाचून गोळ्यांचा डोस बदलू नका, ते तुमच्या डॉक्टरांचं काम. पण रिपोर्टवरचा आकडा कुठून येतो हे समजलं की डॉक्टरांना काय विचारायचं तेही सुचतं.

रिपोर्टवर 'फॉस्फरस' असतं आणि तुम्ही 'फॉस्फेट' म्हणता. दोन्ही एकच का?

व्यवहारात हो. रक्तात सुटा फॉस्फरस नसतोच, तो ऑक्सिजनला जोडून फॉस्फेटच्या रूपात फिरतो. लॅब त्या फॉस्फेटमधल्या फॉस्फरसचं वजन सांगते. मोठ्या माणसात ते साधारण 2.5 ते 4.5 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असतं. लहान मुलांत जास्त असतं आणि ते तसंच असायला हवं. त्यामुळे नातवाचा रिपोर्ट आजोबांच्या आकड्यांशी ताडून घाबरू नका.

फॉस्फरस पहिल्यांदा सापडला तोच मुळी लघवीत. 1669 साली हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांडने सोनं मिळवण्याच्या नादात ढीगभर लघवी आटवली आणि हाती आला तो अंधारात चमकणारा पदार्थ. किडनी रोज किती फॉस्फेट बाहेर टाकते याचा तो नकळत मिळालेला पुरावाच म्हणायचा.

शरीरात फॉस्फेट असतं तरी किती?

मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे 700 ग्रॅम फॉस्फरस असतो. त्यातला 85 टक्के हाडांत आणि दातांत, कॅल्शियमबरोबर घट्ट बसलेला. उरलेला जवळजवळ सगळा पेशींच्या आत : डीएनएच्या कण्यात, पेशीच्या पडद्यात, आणि ज्यावर आपला प्रत्येक श्वास चालतो त्या एटीपीत, म्हणजे पेशीच्या इंधनात. रक्तात आणि पेशींबाहेरच्या द्रवात मिळून एक टक्काही नसतो. तपासणीसाठी आपण जे रक्त देतो, त्यात त्या एका टक्क्यातलाच थेंबभर येतो. घराचा व्हरांडा पाहून आतल्या खोल्यांचा अंदाज बांधण्यासारखंच ते आहे.

किडनी म्हणजे गाळणी. गाळणीला संप्रेरकांचं काय काम?

'गाळणी' हा शब्द आपण सगळेच वापरतो, मीही वापरते, पण त्याने अर्धीच गोष्ट कळते आणि महत्त्वाची अर्धी राहून जाते. आकडेच बघा. निरोगी किडन्या दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. लिटरमागे साधारण 35 मिलिग्रॅम फॉस्फरस धरला तर दिवसाला सहा ग्रॅमच्या वर फॉस्फरस गाळणीतून खाली उतरतो. लघवीत मात्र तो जेमतेम पाऊण ग्रॅमच्या आसपास सापडतो. म्हणजे गाळलेल्यातलं 80 ते 90 टक्के परत रक्तात घेतलं जातं. गाळणीने सरसकट खाली सोडलेलं निवडून, वेचून परत घेण्याचं काम गाळणीला जोडलेल्या नलिकेच्या पेशी करतात. किती परत घ्यायचं आणि किती जाऊ द्यायचं हा निर्णय तिथे होतो, आणि तो संप्रेरकांच्या सांगण्यावरून होतो.

पहिल्या वर्षाच्या मुलांना मी पीएएस नावाच्या रंगाने रंगवलेली किडनीची स्लाइड लावून देते. गोल गोल कापलेल्या नलिका दिसतात. काहींची पोकळी स्वच्छ, रिकामी असते. काहींच्या आतल्या कडेला मात्र गडद किरमिजी रंगाची जाड किनार असते, मखमलीची लूस वर आल्यासारखी. ती नलिकेच्या सुरुवातीच्या भागाची, म्हणजे प्रॉक्सिमल ट्यूब्यूलची खूण. पेशीच्या माथ्यावर हजारो बारीक बोटं उभी असतात, त्यांचीच ती लूस. फॉस्फेटचा सगळा व्यवहार मुख्यतः तिथे, त्या किरमिजी किनारीवर चालतो. मुलांना मी म्हणते, नावं नंतर पाठ करा, आधी ही किनार डोळे भरून पाहा.

मग फॉस्फेट परत घेतं नक्की कोण?

त्या किनारीच्या पडद्यात बसलेली वाहक प्रथिनं. मुख्य तीन : एनएपीआय 2ए, एनएपीआय 2सी आणि पिट-2. आम्ही बोलताना नुसतं टू-ए, टू-सी म्हणतो. टू-ए या वाहकाचा जनुक 1993 साली झुरिकला हाइनी मुरर यांच्या गटाने वेगळा केला. तोवर कामाची मोजदाद होत होती, पण काम करणारा कोण हे डोळ्यांपुढे नव्हतं.

फॉस्फेटवर ऋण भार असतो आणि पेशीचं अंतरंगही ऋण असतं, त्यामुळे ते आपणहून आत शिरायला नाखूश. वाहक त्याला सोडियमच्या जोडीने आत आणतो. पेशीच्या मागल्या बाजूला पंप अखंड सोडियम उपसत असतो, म्हणून आत सोडियम कमी आणि बाहेर जास्त असतो. सोडियमला आत यायची ओढ असते आणि त्या ओढीवर फॉस्फेट स्वार होतं. टू-ए एका फॉस्फेटमागे तीन सोडियम आत घेतो, टू-सी दोन. म्हणजे फॉस्फेट परत मिळवण्याचा खर्च शेवटी मागच्या पंपाला एटीपीत मोजावा लागतो, आणि त्या एटीपीत पुन्हा फॉस्फेटच. हे शिकवताना मला दर वर्षी थोडं भारावल्यासारखं होतं.

वाहकांची संख्या ठरावीक असते ही यातली कळीची गोष्ट. सगळे भरले की उरलेलं फॉस्फेट लघवीत जातं. संप्रेरकं बहुतांशी ही संख्याच बदलतात. किनारीवर वाहक जास्त बसवले तर फॉस्फेट राखलं जातं, उचलून नेले तर वाहून जातं.

पॅराथायरॉइड म्हणजे थायरॉइडच ना?

नाही. थायरॉइडच्या पाठीमागे चिकटलेल्या, साधारण तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, त्या पॅराथायरॉइड. त्यांचं संप्रेरक म्हणजे पीटीएच. शेजार सोडला तर दोघींच्या कामाचा संबंध नाही. थायरॉइडची गोळी चालू असणं आणि पीटीएच वाढलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पीटीएच किडनीच्या पेशीत काय करतं? जरा सविस्तर सांगा.

हा माझ्या सगळ्यात आवडीचा प्रश्न, म्हणून उत्तर लांबेल.

टू-ए वाहक पडद्यात मोकळा तरंगत नसतो. त्याच्या शेपटाला धरून ठेवणारं एक प्रथिन पडद्याच्या आतल्या बाजूला असतं, एनएचईआरएफ-1. खुंटीला दावं बांधावं तसा वाहक या प्रथिनाच्या आधाराने किनारीवर टिकून राहतो.

रक्तातून पीटीएच येऊन पेशीवरच्या ग्राहकाला, म्हणजे रिसेप्टरला, चिकटतं. त्यासरशी पेशीच्या आत दोन वाटांनी निरोप जातो : एक सायक्लिक एएमपी आणि प्रोटीन कायनेज ए यांच्यामार्फत, दुसरी प्रोटीन कायनेज सी मार्फत. दोन्ही वाटा पोचतात त्या खुंटीपाशी. एनएचईआरएफ-1 वर एक फॉस्फेट गट चढवला जातो आणि त्याची पकड सुटते. दावं सुटलेला वाहक किनारीवरच्या बोटांच्या बुडाशी सरकतो, तिथे पडद्याला खळगा पडतो, खळग्याची पिशवी होते आणि पिशवी वाहकाला घेऊन पेशीच्या पोटात जाते. पंधरा मिनिटांपासून तासाभरात किनारीवरचे टू-ए लक्षात येण्याइतके घटतात. टू-सी मागाहून, काही तासांत जातो.

पुढचं ऐकून मुलं चमकतात. इन्शुलिनच्या हुकमाने पेशीवर येणारे ग्लुकोजचे वाहक आत जातात आणि पुन्हा बाहेर येतात. टू-ए मात्र परत येत नाही, तो लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या मोडतोड करणाऱ्या पिशवीत, जाऊन तुकडे तुकडे होतो. पीटीएच ओसरल्यावर किनार पुन्हा भरायची तर पेशीला नवे वाहक घडवावे लागतात, आणि त्याला तास लागतात. म्हणजे फॉस्फेट सोडून देण्याचा निर्णय झटक्यात अमलात येतो, राखायच्या तयारीला वेळ लागतो.

यातलं बरंचसं ज्ञान ओपोसम नावाच्या अमेरिकन प्राण्याच्या किडनीतून घेऊन काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवरून मिळालं. त्या पेशी बशीतही पीटीएचला प्रतिसाद देतात म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांनी त्यांना जवळ केलं.

पीटीएचचं काम कॅल्शियम वाढवणं. मग ते फॉस्फेट का बाहेर टाकतं?

कारण हाडातून कॅल्शियम एकटं सुटत नाही. पीटीएच हाडातून कॅल्शियम काढतं तेव्हा बरोबर फॉस्फेटही सुटतं. दोन्ही एकदम रक्तात वाढली तर एकमेकांना धरून बसतील, नको तिथे क्षार साचतील आणि कॅल्शियम वाढवायचा हेतूच फसेल. म्हणून त्याच संप्रेरकाने किडनीत कॅल्शियम राखायचं आणि फॉस्फेटला वाट करून द्यायची अशी व्यवस्था आहे.

एफजीएफ-23 म्हणजे काय? आमच्या रिपोर्टमध्ये ते कधीच दिसत नाही.

दिसत नाही, कारण रोजच्या तपासण्यांत ते येत नाही. पण फॉस्फेटची गोष्ट त्याच्याशिवाय अपुरी आहे.

मी शिकत होते तेव्हा फॉस्फेटचे सूत्रधार दोन असत, पीटीएच आणि व्हिटॅमिन डी. हाडाकडे आम्ही कोठार म्हणून पाहायचो : माल ठेवा, माल काढा. 2000 साली एका आनुवंशिक मुडदुसाच्या घराण्यांचा अभ्यास करताना एफजीएफ-23 चा जनुक हाती लागला आणि कळलं की हाड स्वतः संप्रेरक बनवतं. हाडाच्या आत खोल रुतून बसलेल्या ऑस्टिओसाइट पेशी ते रक्तात सोडतात आणि ते किडनीला सांगतं, फॉस्फेट कमी घे. कोठार गप्प बसलेलं नव्हतंच, आपल्यालाच ऐकू येत नव्हतं.

किडनीच्या पेशीवर एफजीएफ-23 ला एकट्याने नीट बसता येत नाही, त्याला क्लोथो नावाचं जोडप्रथिन लागतं. क्लोथोचा शोध जपानच्या माकोतो कुरो-ओ यांनी 1997 साली लावला तो वेगळ्याच वाटेने. ज्या उंदरांत हे प्रथिन नव्हतं ते अकाली म्हातारे झाले : त्वचा पातळ, रक्तवाहिन्यांत क्षार, आयुष्य जेमतेम दोन महिन्यांचं. क्लोथो हे ग्रीकांच्या आयुष्याचा धागा कातणाऱ्या देवीचं नाव. पाचवीला सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते असं आपल्याकडे म्हणतात, ही तिचीच दूरची बहीण समजा. या उंदरांचं फॉस्फेट फार वाढलेलं होतं, आणि खाण्यातून फॉस्फेट कमी केल्यावर त्यांचं म्हातारपण बरंचसं मागे हटलं. वाढलेलं फॉस्फेट शरीराला काय करतं याचं याहून ठसठशीत उदाहरण मला माहीत नाही.

पेशीच्या आत एफजीएफ-23 चा निरोप वेगळ्या साखळीने जातो, पण पोचतो त्याच एनएचईआरएफ-1 च्या खुंटीशी. टू-ए आणि टू-सी दोन्ही किनारीवरून कमी होतात.

यात व्हिटॅमिन डी कुठे बसतं?

व्हिटॅमिन डीचं शेवटचं, कामाचं रूप म्हणजे कॅल्सिट्रिऑल, आणि ते मुख्यतः याच नलिकेच्या पेशीत तयार होतं. ते आतड्यातून कॅल्शियम आणि फॉस्फेट दोन्ही जास्त शोषायला लावतं. पीटीएच ते बनवायला सांगतं. एफजीएफ-23 ते बनवणं थांबवतं आणि असलेलं मोडूनही टाकतं. फॉस्फेट बाहेर काढण्यात दोघांचं एकमत, व्हिटॅमिन डीच्या बाबतीत दोघं विरुद्ध. परीक्षेत इथेच मुलं चुकतात. उलट कॅल्सिट्रिऑल वाढलं की हाड जास्त एफजीएफ-23 सोडतं आणि वर्तुळ पुरं होतं.

बाकीची संप्रेरकं?

ग्रोथ हार्मोन आणि इन्शुलिन फॉस्फेट राखतात. वाढत्या मुलांच्या रक्तात फॉस्फेट जास्त असतं त्यामागे ग्रोथ हार्मोनचा हात आहे. स्टेरॉइड आणि डोपामिन फॉस्फेट सोडायला लावतात. आणि आहारात फॉस्फेट कमी पडलं तर किनारीवर वाहक आपोआप वाढतात.

बाबांचं क्रिएटिनिन 2.4 आहे, पण फॉस्फरस 3.9, अगदी नॉर्मल. तरी डॉक्टर पथ्य सांगतात. कशासाठी?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि मी हे सगळं मुख्यतः त्यासाठीच लिहायला घेतलं.

क्रिएटिनिन 2.4 म्हणजे किडनीचं काम बरंच घटलेलं. अशा वेळी तो 3.9 फुकट मिळालेला नाही. किडनीचे निम्म्याहून जास्त नेफ्रॉन (एक गाळणी आणि तिची नलिका मिळून एक नेफ्रॉन) गेले असतील तर गाळलं जाणारं फॉस्फेटही त्या प्रमाणात घटतं. खाणं मात्र पूर्वीचंच. मग रोजचं फॉस्फेट बाहेर जाणार कसं? उरलेल्या प्रत्येक नेफ्रॉनने जास्त सोडलं तरच. त्यासाठी हाड एफजीएफ-23 वाढवतं, पुढे ग्रंथी पीटीएच वाढवतात. उरलेल्या पेशींच्या किनारीवरचे वाहक उतरवले जातात आणि रक्तातला आकडा नॉर्मलमध्ये राहतो. गाळण्याचा वेग मिनिटाला 30 मिलिलिटरच्या खाली जाईपर्यंत बहुतेकांचा फॉस्फरस असा सांभाळला जातो.

याची किंमत द्यावी लागते. अमेरिकेतले नील ब्रिकर यांनी 1972 मध्ये हा हिशेब मांडला होता : एक गोष्ट सांभाळताना शरीर दुसरीकडे किंमत मोजत असतं. एफजीएफ-23 तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, पण मांडणी खरी ठरली. एफजीएफ-23 वाढल्यामुळे कॅल्सिट्रिऑल घटतं, त्यामुळे कॅल्शियम कमी शोषलं जातं, त्यामुळे पीटीएच आणखी वाढतं आणि हाडं झिजतात. त्यात आजारी किडनीत क्लोथोही कमी होत जातो, मग तेवढ्याच परिणामासाठी हाडाला आणखी एफजीएफ-23 सोडावं लागतं. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की खूप वाढलेलं एफजीएफ-23 हृदयाच्या स्नायूवर, क्लोथो नसतानाही, थेट काम करून तो जाड करू शकतं.

म्हणून बाबांचा रिपोर्ट बघताना फॉस्फरसच्या ओळीवर थांबू नका. पीटीएच किती, व्हिटॅमिन डी किती, कॅल्शियम किती, हे डॉक्टरांना विचारा. एकट्या फॉस्फरसवरून 'सब बढ़िया' म्हणून मोकळं होणं मला धोक्याचं वाटतं.

डायलिसिसमध्ये फॉस्फरस धुऊन निघतो ना? मग गोळ्या कशाला?

हिशेब करून पाहू. दिवसाचं खाणं 1000 मिलिग्रॅम फॉस्फरसचं धरा आणि त्यातलं 60 टक्के शोषलं जातं असं धरा. दिवसाला 600, आठवड्याला 4200. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये साधारण 800 निघतो, तीन वेळचा 2400. उरला 1800 मिलिग्रॅम, दर आठवड्याला. तो अडवायला गोळ्या.

जास्त का निघत नाही? कारण मशीनला फक्त रक्तातलं फॉस्फेट दिसतं. पहिल्या तास-दीड तासात रक्तातला आकडा झपाट्याने उतरतो, मग रेंगाळतो, कारण पेशींतून आणि हाडांतून फॉस्फेट सावकाश बाहेर येतं. सुई काढल्यावर काही तासांत आकडा पुन्हा वर येतो. सावकाश आणि जास्त वेळ केलेलं डायलिसिस फॉस्फेटसाठी जास्त चांगलं, ते याचमुळे. "चार तासांऐवजी साडेतीन करा ना" असं सिस्टरला म्हणण्यापूर्वी हे आठवा.

गोळी जेवताना घ्या असं का सांगतात? नंतर घेतली तर?

सेव्हेलेमर, कॅल्शियम ॲसिटेट या गोळ्या किडनीवर किंवा रक्तावर काम करत नाहीत. त्या आतड्यात घासातल्या फॉस्फेटला धरून ठेवतात आणि ते शौचावाटे बाहेर जातं. घास नसेल तर धरणार कुणाला?

ताईच्या बाबतीत आम्ही हे सहा महिने उशिरा शिकलो. जिथे तिची गोळी सुरू झाली तिथे चिठ्ठीवर फक्त 'दिवसातून तीनदा' लिहिलं होतं, कुणी समजावलं नाही, आणि मी डॉक्टरांच्या घरची असल्यासारखी निर्धास्त राहिले. ताई सकाळी सहाला चहाआधी एक, दुपारी चारला एक आणि झोपताना एक घ्यायची, वेळ चुकवायची नाही. फॉस्फरस साताच्या खाली येईना. एका दुपारी तिच्या जेवणाच्या वेळी मी घरी होते. ताट वाढलं, वरण-भात कालवला, आणि गोळ्यांचा डबा देवघराशेजारच्या फडताळात. मी विचारलं, "ताई, गोळी?" ती म्हणाली, "ती चारला." पोटात गलबललं माझ्या. त्या दिवसापासून डबा मिठाच्या वाटीशेजारी, ताटाजवळ असतो. पहिल्या दोन घासांबरोबर गोळी. दोन महिन्यांत आकडा साडेपाचवर आला.

जे जेवण मोठं, त्यात गोळी जास्त, हेही डॉक्टरांकडून नीट समजून घ्या. सकाळी नुसता चहा-बिस्किट असेल तर तिथली गोळी दुपारी हलवता येते का, ते विचारा.

इंदूरमध्ये राहून खायचं काय? इथे तर दिवस पोह्याने सुरू होतो आणि सराफ्याच्या खाऊगल्लीत संपतो.

पोह्यांशी माझं भांडण नाही. फॉस्फेटच्या दृष्टीने पोहे ठीक आहेत, वरची शेव आणि जिरावण मसाला मिठामुळे आवरा.

खरा फरक कशाने पडतो ते सांगते. डाळी-कडधान्यांतला फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो आणि माणसाच्या आतड्याला तो सगळा सोडवता येत नाही, बराचसा तसाच निघून जातो. दूध, मावा, पनीर, मांस यांतला जास्त शोषला जातो. आणि कारखान्यात घातलेला फॉस्फेटचा क्षार जवळजवळ सगळा शोषला जातो. म्हणून डाळ बंद करून कोला आणि प्रोसेस्ड चीज चालू ठेवणं हा उलटा कारभार आहे. काळ्या कोलात फॉस्फोरिक ॲसिड असतं.

पाकिटावर फॉस्फेट शब्द शोधत बसलात तर हुकेल, घातलेल्या द्रव्यांचे क्रमांक शोधा : आयएनएस 338 ते 341 आणि 450 ते 452. हे सगळे फॉस्फेट. चष्मा लावून वाचा, अक्षरं बारीक असतात.

इथली शिकंजी म्हणजे लिंबाची नव्हे, आटवलेल्या दुधाची आणि सुक्या मेव्याची. एका पेल्यात फॉस्फरस आणि पोटॅशियम दोन्ही भरपूर. वाढदिवसाला दोन घोट घ्यायचे असतील तर गोळी बरोबर ठेवून घ्या, रोजची नको. साध्या दुधाच्या पाव लिटरमध्येही 230 मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फरस असतो.

भावाला नवी किडनी बसवली. आता फॉस्फरस 1.8 आलाय. किडनी बिघडली का?

बहुतेक वेळा याचा अर्थ उलट असतो. वर्षानुवर्षं हाड एफजीएफ-23 आणि ग्रंथी पीटीएच भरमसाट बनवत आल्या. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं की आता नवी, तरतरीत किडनी आली आहे. त्या जुन्याच वेगाने सोडत राहतात. नव्या किडनीच्या पेशी हुकूम पाळतात, सगळे वाहक आत घेतात आणि फॉस्फेट धो धो वाहून जातं. स्टेरॉइडही त्यात भर घालतं. एफजीएफ-23 महिन्यांच्या हिशेबाने उतरतं, पीटीएचला त्याहूनही वेळ लागू शकतो. काल ज्याला दही वर्ज्य होतं त्याला आज डॉक्टर दूध प्यायला सांगतात, आणि घरचे गोंधळतात. गोंधळू नका. मात्र 1.8 हा आकडा टीमला कळवा. फार खाली गेला तर स्नायूंत त्राण राहत नाही.

ॲनिमियासाठी शिरेतून लोह दिलं आणि पुढच्या आठवड्यात अंग गळून गेलं. संबंध आहे का?

असू शकतो. फेरिक कार्बॉक्सीमाल्टोज हे शिरेतून द्यायचं लोह काहींच्या शरीरात एफजीएफ-23 चे तुकडे होऊ देत नाही. ते अखंड राहून वाढतं आणि किडनी फॉस्फेट सोडू लागते. ज्यांची किडनी चांगली आहे त्यांच्यात हे जास्त दिसतं. एका साध्या रक्ततपासणीने कळतं, म्हणून थकवा "लोह अजून लागू पडलं नाही" असं म्हणून सोडून देऊ नका.

मुलाचे पाय धनुष्यासारखे वाकलेत. व्हिटॅमिन डीचे डोस झाले, फरक नाही.

अशा मुलाचं फॉस्फेट, त्याच्या वयाचे आकडे समोर ठेवून, तपासायलाच हवं. एक्स गुणसूत्रावरून येणाऱ्या एका मुडदुसात पीएचईएक्स या जनुकात बिघाड असतो (हा जनुक 1995 मध्ये सापडला) आणि हाड गरज नसताना एफजीएफ-23 सोडत राहतं. मूल कितीही दूध प्यायलं तरी किडनी फॉस्फेट धरत नाही. वडिलांना आजार असेल तर सगळ्या मुलींना येतो, मुलग्यांना येत नाही. आईला असेल तर प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता. घरात कुणाची उंची खुंटलेली, पाय वाकलेले, दातांना विनाकारण गळू होणारे असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पूर्वी फॉस्फेटचे क्षार दिवसातून चार-पाच वेळा आणि कॅल्सिट्रिऑल एवढाच उपाय होता, तो आजही बहुतेकांना दिला जातो. 2018 पासून बुरोसुमॅब हे एफजीएफ-23 ला थेट अडवणारं इंजेक्शन आलं. महाग आहे, फार महाग. पण हाडाचा एक निरोप अडवला की किडनीच्या पेशी फॉस्फेट धरू लागतात, हे त्याने माणसात दाखवून दिलं.

किडनी फॉस्फेट गमावते आहे हे कळतं कसं?

उपाशीपोटी एकाच वेळी रक्त आणि लघवी घेतात, दोन्हींत फॉस्फरस आणि क्रिएटिनिन मोजतात. लघवीतला फॉस्फरस गुणिले रक्तातलं क्रिएटिनिन, याला रक्तातला फॉस्फरस गुणिले लघवीतलं क्रिएटिनिन याने भागायचं. समजा लघवीत फॉस्फरस 40 आणि क्रिएटिनिन 80, रक्तात फॉस्फरस 2 आणि क्रिएटिनिन 0.8. उत्तर 0.2, म्हणजे गाळलेल्यातलं 20 टक्के वाहून जातंय. एरवी 20 टक्के चालून गेलं असतं. पण रक्तात फक्त 2 असताना निरोगी किडनीने 95 टक्क्यांहून जास्त राखायला हवं होतं. ज्या किनारीवर वाहक दाटीने उभे असायला हवेत तिथून कुणीतरी त्यांना उतरवतंय, आणि मग तपास पीटीएच, एफजीएफ-23 किंवा खुद्द नलिकेच्या बिघाडाकडे वळतो.

सकाळी 3.1 आणि त्याच दिवशी रात्री 4.2. लॅब चुकली का?

नाही. फॉस्फेट दिवसभर हलतं, सकाळी सगळ्यात खाली, दुपारनंतर चढत रात्री वर. जेवणानेही बदलतं. त्यामुळे दोन रिपोर्ट ताडून पाहायचे असतील तर रक्त त्याच वेळेला, शक्यतो सकाळी उपाशीपोटी द्या. डायलिसिसवाल्यांनी सेशन सुरू होण्याआधी द्यावं, आणि ते आठवड्यातल्या कुठल्या सेशनचं होतं तेही रिपोर्टवर पेनाने लिहून ठेवावं. दोन दिवसांच्या सुट्टीनंतरचा सोमवार आणि मधला बुधवार यांच्या आकड्यांत फरक पडतो. ताईच्या फाइलवर आम्ही कोपऱ्यात नुसतं 'सो' किंवा 'बु' लिहितो.